आधी भाऊ, मग कट: दोन भाऊ दोन बाजूंना असलेली थरारमालिका लिहिण्याचा क्रम

वेबमालिकांसाठी लिहिलेल्या नव्या लेखकांच्या संहिता मी बरीच वर्षं वाचतो आहे. त्यांत एक मांडणी पुन्हापुन्हा येते. एक भाऊ तपास करतो आहे, दुसरा त्याच कटात सामील आहे. पाचव्या-सहाव्या भागाच्या शेवटी पाठमोरा बसलेला माणूस वळतो आणि तो नायकाचा भाऊ निघतो. लेखकाची सगळी भिस्त त्या एका वळण्यावर असते. वाचताना मात्र काहीच हलत नाही, कारण तोवर हे दोघं भाऊ आहेत हे आपण कुठे अनुभवलेलंच नसतं. तिथे भावाऐवजी मेहुणा किंवा जुना वर्गमित्र घातला तरी पुढची पानं जशीच्या तशी चालतात.

चूक प्रतिभेची नसते, क्रमाची असते. कट आधी रचला जातो आणि भाऊ नंतर चिकटवला जातो. खालचा क्रम उलटा आहे. आठ भागांची, प्रत्येकी साधारण 40 मिनिटांची मालिका धरून तो मांडला आहे. पहिले आठ टप्पे होईपर्यंत संवादाची एक ओळही लिहायची नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. थोरला भाऊ जलसंपदा खात्यात कार्यकारी अभियंता आहे. धाकटा पोलीस निरीक्षक आहे आणि सध्या प्रतिनियुक्तीवर लाचलुचपत प्रतिबंधक विभागात आहे. कट असा: कागदावर 22 किलोमीटरचा कालवा पूर्ण, बिलं अदा, जमिनीवर कालवा 14 किलोमीटरला संपतो. त्यावर बोलू पाहणारा एक शाखा अभियंता 2019 मध्ये मेला आणि पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मालिका 2024 मध्ये सुरू होते.

टप्पा 1: घरातली एक घटना, दोन आठवणी

कोऱ्या कागदावर कट लिहू नका. दोन्ही भावांच्या आयुष्यातली, कटाच्या आधीची एक घटना लिहा. ती एकच हवी आणि दोघांना ती वेगवेगळी आठवत असली पाहिजे.

आपल्या उदाहरणात: 2009, पावसाळ्यातली रात्र, जीप धाकटा चालवत होता. रस्त्याकडेने जाणाऱ्या मजुराला धडक बसली. थोरला म्हणाला, "तू घरी जा, मी बघतो." दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की माणूस बरा आहे, दवाखान्याचा खर्च देऊन टाकला. धाकट्याच्या आठवणीत गोष्ट एवढीच आहे. थोरल्याच्या आठवणीत तो मजूर पहाटे गेला. एका कंत्राटदाराने शब्द टाकला, नोंद 'अज्ञात वाहन' म्हणून झाली, आणि धाकटा पुढे स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झाला. त्या रात्रीपासून कंत्राटदाराला नाही म्हणण्याची थोरल्याची सोय संपली.

इथे दोन गोष्टी साधल्या. धाकट्याच्या अंगावरची वर्दी ज्या उपकारावर उभी आहे, तोच उपकार कटाची पहिली कडी आहे. आणि धाकटाही पूर्ण निर्दोष नाही. पंधरा वर्षांत त्या मजुराचं पुढे काय झालं हे त्याने एकदाही विचारलं नाही.

घर आणि कट यांची मुळं एकत्र असण्याचा चांगला नमुना 2005 च्या 'प्रिझन ब्रेक' या अमेरिकी मालिकेत सापडतो. तिथे भाऊ एकाच बाजूला आहेत, तरी रचना अभ्यासण्यासारखी आहे. थोरल्या लिंकनने धाकट्या मायकेलला 90,000 डॉलर दिले आणि ते आईच्या विम्याचे असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात ते कर्जाऊ होते. त्या कर्जापायी तो अशा माणसांच्या तावडीत सापडला की कटवाल्यांना त्याला खुनात गोवणं सोपं गेलं. धाकट्याचं शिक्षण आणि थोरल्याची फाशीची कोठडी एकाच पैशाला बांधलेली आहेत. दोन बाजूंच्या भावांसाठी याहून घट्ट गाठ लागते, सैल चालत नाही.

तपासणी: ही घटना दोन्ही भावांच्या तोंडून, प्रथमपुरुषी, प्रत्येकी एका पानात लिहा. दोन्ही पानं वाचून एकाचीच बाजू पटत असेल तर घटना बदला.

इशारा: बांधाचा वाद, वाटणी, आईच्या दागिन्यांचं भांडण ही घटना म्हणून घेऊ नका. ती भाऊबंदकी. ती गावाला माहीत असते, तलाठ्याला माहीत असते, तिच्यात लपवण्यासारखं काही उरत नाही. कटाची गोष्ट लपवलेल्यावर जगते. कितीतरी संहिता कट म्हणून सुरू होतात आणि तिसऱ्या भागात हिश्श्याच्या भांडणात उतरतात. तुम्हाला तीच गोष्ट सांगायची असेल तर ती मोलाची आहे, पण तिला हा मार्ग लागत नाही.

टप्पा 2: कटाची तारीखवार नोंद, कटवाल्यांच्या बाजूने

आता कट. प्रेक्षकाला ज्या क्रमाने दिसणार त्या क्रमाने तो लिहू नका. जसा घडला तसा लिहा: 2009 अपघात, 2016 बिल, 2019 मृत्यू, 2024 तक्रार. प्रत्येक नोंदीसमोर तीन गोष्टी असू द्या. हे करणं त्यांना का भाग पडलं? कोणी केलं? मागे कोणता कागद किंवा कोणता माणूस उरला?

तिसऱ्या प्रश्नात बहुतेकांचा जीव कमी पडतो. पुरावा हवा म्हणून पेनड्राइव्ह येतो. कोणीतरी मरण्यापूर्वी पेनड्राइव्ह लपवतो, नायकाला तो सापडतो, कट उघडा पडतो. सरकारी कामातला भ्रष्टाचार असा बिनकागदाचा नसतोच. कालव्याच्या कामात मोजमाप पुस्तक असतं, बोलीत 'एमबी'. शाखा अभियंता जागेवर जाऊन मापं नोंदवतो, उपअभियंता ती तपासतो आणि कार्यकारी अभियंत्याच्या सहीनंतर बिल पुढे सरकतं. मेलेल्या शाखा अभियंत्याने 14 किलोमीटरच्या पुढची मापं नोंदवायला नकार दिला असेल, तर पुढच्या पानांवर दुसऱ्याच कोणाचं हस्ताक्षर असणार. खाली सही मात्र थोरल्याची. हे एक पान शंभर पेनड्राइव्हपेक्षा बोलकं आहे, आणि धाकटा दादाचं अक्षर, दादाची सही लहानपणापासून ओळखतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडील नसताना तीच सही व्हायची.

ज्या क्षेत्रातला कट घ्याल त्या क्षेत्रात नोकरी केलेल्या एका निवृत्त माणसाबरोबर दोन दुपारी बसा. "यात चोरी कशी करतात?" असं विचारू नका, तो सावध होतो. "हे काम नीट केलं तर कुठकुठे सह्या लागतात?" असं विचारा. चोरी कुठे होऊ शकते हे त्या सह्यांच्या यादीतूनच दिसू लागतं.

इशारा: 2009 चा मजूर आणि 2019 चा शाखा अभियंता यांचं नातं जोडायचा मोह होईल. मुलगा, पुतण्या, काहीतरी. जोडू नका. कटाच्या गोष्टीत प्रेक्षक एक योगायोग सोसतो, आणि आपला तो योगायोग 'तपास नेमका भावाकडे येतो' यावर खर्च झालेला आहे.

टप्पा 3: कटातली भावाची जागा

विरुद्ध बाजूचा भाऊ सर्वांत वर बसवू नका. सर्वांत वरच्या माणसाला कशाची भीती नसते आणि भीती नसलेल्या माणसाकडे घरच्यांशी खोटं बोलण्याचं कारणही कमी असतं. त्याला मधल्या कडीवर ठेवा. वरून दाब, खालून धोका, घरात धाकटा. मग तो दिवसाला तीन वेगळी खोटी बोलतो आणि त्यांतली दोन परस्परांना छेद देतात. तुमच्या प्रसंगांना खाद्य इथून मिळतं.

पण मधली कडी म्हणजे बिचारा नव्हे. नव्या संहितांत कटातला भाऊ बहुधा शेवटी सुटतो: त्याला धमकावलं होतं, त्याचा नाइलाज होता. असं केलंत की दोन बाजू राहतच नाहीत. त्याच्या हातून एक तरी कृत्य असं व्हायला हवं जिथे दुसरा रस्ता उघडा होता आणि तरी त्याने हाच धरला. आपल्या उदाहरणात 2016 ची सही दबावाखाली झाली. 2019 मध्ये मात्र शाखा अभियंता कोणत्या रात्री, कोणत्या रस्त्याने साइटवरून परतणार हे थोरल्याने स्वतःहून सांगितलं. पुढे काय होणार याचा अंदाज त्याला होता की नव्हता, हे लेखकाने ठरवलंच पाहिजे. प्रेक्षकाला उशिरा कळेल, नटाला वाचनाच्या पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. 'ते मोघम ठेवू' म्हणणाऱ्या लेखकाचा थोरला शेवटपर्यंत मोघमच राहतो.

तपासणी: थोरल्याने आरशासमोर स्वतःला सांगितलेलं समर्थन चार वाक्यांत लिहा. त्यात 'कुटुंबासाठी' हा शब्द आला तर तो खोडून पुन्हा लिहा. तो शब्द सगळेच वापरतात. त्याच्या कुटुंबातल्या कोणासाठी, नेमकं काय?

टप्पा 4: कोणाला काय, केव्हा माहीत

मोठा कार्डशीट घ्या. आडवे आठ भाग. उभे रकाने पाच: थोरला, धाकटा, कंत्राटदार, आई, प्रेक्षक. प्रत्येक चौकोनात त्या भागाच्या अखेरीस त्या माणसाला काय माहीत आहे तेवढंच लिहा. काय वाटतं ते नाही.

हा तक्ता कंटाळवाणा आहे, पण वगळता येत नाही. दोन भावांच्या मालिकेतली निम्मी छिद्रं इथेच सापडतात. चौथ्या भागात धाकट्याने एमबी पाहिलं असेल तर पाचव्या भागात तो दादाकडे निवांत जेवायला कसा बसतो? तो मुद्दाम बसला असेल तर थोरल्याला संशय आला का? आला असेल तर सहाव्या भागात तो फोन का बदलत नाही? ही साखळी डोक्यात ठेवून कोणालाही पेललेली मी पाहिलेली नाही.

प्रेक्षकाच्या रकान्यावर जास्त वेळ घाला. थोरला कटात आहे हे प्रेक्षकाला धाकट्याच्या आधी कळू द्या, शक्यतो दुसऱ्या भागाच्या अखेरीस. मग घरातला प्रत्येक साधा प्रसंग ताणला जातो. थोरला धाकट्याच्या ताटात भाकरी वाढतो आणि बघणाऱ्याचा श्वास अडकतो. हेच सहाव्या भागापर्यंत दडवलं तर मधले चार भाग नुसत्या धावपळीचे होतात.

टप्पा 5: नियम तपासा, ते अडथळे नाहीत, गोष्ट आहेत

आपल्याकडे भाऊ लपत नाही. दोघांचं आडनाव एक, गाव एक. फाइलवर नाव दिसल्यावर कार्यालयातला हवालदारसुद्धा विचारतो, "साहेब, हे तुमचे कोण?" त्यामुळे 'नायकालाच माहीत नव्हतं की समोरचा त्याचा भाऊ आहे' ही कल्पना इथे टिकत नाही. नातं उघड असू द्या. लपवायचं असेल ते त्याचं कृत्य.

संशयित जवळचा नातेवाईक असेल तर अधिकाऱ्याने वरिष्ठांना कळवायचं असतं आणि तपास दुसऱ्याकडे जातो. बहुतेक संहितांत हा प्रश्न कोणी विचारतच नाही. तो तुम्ही विचारा आणि त्यातून भाग काढा. पहिल्या भागात तक्रारीत थोरल्याचं नाव नाही, फक्त विभागाचं आहे. दुसऱ्यात नाव येतं. धाकट्याने कळवायला हवं. तो तीन दिवस थांबतो. ते तीन दिवस पुढे त्याच्यावरच उलटतात.

आणखी काही गोष्टी ज्या हमखास चुकतात:

सीडीआरमध्ये, म्हणजे फोन कंपनीकडून मिळणाऱ्या कॉलच्या नोंदींत, संभाषण नसतं. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती वेळ आणि कोणता टॉवर, एवढंच मिळतं. फोनवरचं बोलणं ऐकायचं तर वेगळी परवानगी लागते आणि ती राज्यात साधारणपणे गृह सचिवांच्या पातळीवरून येते. निरीक्षक मनात आलं म्हणून ऐकू शकत नाही.

लोकसेवकाने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायला 2018 च्या दुरुस्तीनंतर पूर्वपरवानगी लागते. परवानगीची फाइल मंत्रालयात फिरते. म्हणजे छाप्याआधी बातमी फुटायला खबऱ्याची गरज नाही, फाइलच पुरते. तुमचा कंत्राटदार एक पाऊल पुढे का असतो याचं हे फुकट मिळालेलं उत्तर आहे.

सर्वांत मोठी गोष्ट: पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय पुरावा कायद्यात तसं होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. मॅजिस्ट्रेटसमोर, स्वेच्छेने, 'हे सांगायला तुम्ही बांधील नाही आणि सांगितलंत तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं' असं बजावल्यानंतर दिलेला जबाब वेगळा. थोरला धाकट्यासमोर रडत सगळं कबूल करतो आणि पुढच्या दृश्यात बेड्या, असा शेवट लिहिणाऱ्याने या नियमाकडे पाहिलेलं नाही. पाहिलं तर त्याला एक सुंदर प्रसंग सापडतो. तो आठव्या टप्प्यात.

टप्पा 6: घरातलं तिसरं माणूस

दोन भाऊ समोरासमोर आले की नाटक होतं. त्यांच्यामध्ये कोणी बसलं की मालिका होते. आई, बहीण, थोरल्याची बायको यांपैकी एक निवडा आणि तिला खरं काम द्या. चहा आणणं आणि "भांडू नका रे" म्हणणं हे काम नाही.

मी बहिणीच्या बाजूने झुकतो. वडिलांच्या जमिनीवरचा तिचा हक्क सोडून देणारं हक्कसोडपत्र तिने केलेलं असतं, भावांवर विश्वास ठेवून. ती सही करते तेव्हा दोघंही गप्प बसलेले असतात. त्यामुळे दोघांना एकाच पारड्यात घालण्याचा अधिकार तिला आहे, आणि तो आईलाही नाही. 2009 च्या रात्री दार कोणी उघडलं होतं? चिखलाने भरलेले कपडे कोणी धुतले? तिने. पंधरा वर्षं तिने विचारलं नाही, पण तिला ठाऊक आहे.

दोघं एकत्र येण्याची सबब शोधत बसू नका. आपल्या घरांनी ती देऊन ठेवली आहे. वडिलांचं वर्षश्राद्ध, भाऊबीज, गावची जत्रा. या दिवशी न येणं हे येण्याहून मोठं विधान ठरतं, म्हणून तपास ऐन भरात असतानाही दोघं येतात. पान थोरल्याच्या हातून ठेवलं जातं. धाकटा मागे उभा असतो आणि त्याच्या खिशात एमबीच्या पानाचा फोटो असतो.

तपासणी: हे तिसरं माणूस काढून टाकलं तर शेवट बदलतो का? बदलत नसेल तर अजून लिहिणं बाकी आहे.

टप्पा 7: उलगड्याची जागा

आता '24' या मालिकेकडे या, कारण इथला सर्वांत मोठा धडा तीच देते. ही मालिका 2001 पासून फॉक्स वाहिनीवर होती: पर्वाचे 24 भाग, प्रत्येक भाग दिवसातला एक तास. 2006 च्या पाचव्या पर्वात कानात यंत्र लावून राष्ट्राध्यक्ष चार्ल्स लोगनला फोनवरून चालवणारा एक माणूस दिसतो. 2007 च्या सहाव्या पर्वात कळतं की तो नायक जॅक बाउअरचा सख्खा भाऊ ग्रेम. याच मालिकेचा हिंदी अवतार 2013 मध्ये आला, दिग्दर्शन अभिनय देव यांचं होतं, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना तिचा बाज ठाऊक आहे.

या खुलाशाने काय साधलं? धक्का बसला. पण पहिल्या पाच पर्वांत जॅकला भाऊ आहे याची तयारीच केलेली नव्हती. दोघांची एकही जुनी आठवण आपल्या गाठीशी नाही. त्यामुळे जॅक भावाला खुर्चीला बांधून छळतो तेव्हा आपण एका संशयिताचा छळ पाहतो. भावाचा छळ पाहतो आहोत हे संवादांना सांगावं लागतं. आणि नातं कुठे मुरायच्या आत, पर्वाचा पहिला एक तृतीयांशही सरला नसताना, त्यांचा बापच ग्रेमला मारतो. मग विरोधाची जागा बाप घेतो. जिथे पर्व थोडं घरगुती होतं तिथेच ते धरून ठेवतं: ग्रेमची बायको मॅरिलिन, तिचं जॅकशी जुनं नातं, तिचा मुलगा जॉश. हे धागे आधीपासून विणलेले असते तर तोच भाऊ कितीतरी जड झाला असता.

यातून तीन नियम निघतात. 'तो भाऊ आहे' हा खुलासा नसावा. 'भावाने हे केलं' हाही पुरत नाही. शेवटचा खुलासा 'हे कशासाठी केलं आणि त्यात माझा वाटा किती' हा असावा. दुसरं, खुलाशाआधी दोघांना किमान तीन प्रसंगांत भाऊ म्हणून दाखवा, कटाचा एक शब्दही न काढता. तिसरं, भावाला लवकर मारू नका. मेलेला भाऊ उत्तर देत नाही.

टप्पा 8: समोरासमोरच्या भेटी मोजून ठेवा

आठ भागांत दोघं एकटे समोरासमोर पाच वेळा. त्याहून जास्त नाही. प्रत्येक भेटीची जागा, निमित्त आणि कोण कोणाकडून काय काढून घ्यायला आला आहे ते एका ओळीत लिहा. पहिली भेट सहज असावी. दुसरीत एकाला दुसऱ्याचं काहीतरी ठाऊक. तिसरीत दोघांना, पण दोघंही ते दाखवत नाहीत. चौथी अशी की दोघांपैकी कोणीही उठून गेला असता तर बरं झालं असतं, पण कोणीच उठत नाही.

पाचवी भेट ही कबुलीची. इथे पाचव्या टप्प्यातला नियम कामाला येतो. रात्र, गावचं घर, ओटा. थोरला सगळं सांगतो: बिल, सही, शाखा अभियंत्याचा रस्ता. धाकटा ऐकतो. आणि दोघांनाही ठाऊक आहे की यातला एक शब्दही न्यायालयात टिकणार नाही. म्हणूनच तो सांगू शकतो, म्हणूनच ते भावाचं बोलणं आहे. मग धाकटा विचारतो, "हेच मॅजिस्ट्रेटसमोर सांगशील?" थोरला उलट विचारतो, "तू 2009 चं सांगशील?"

मालिका या दोन प्रश्नांवर उभी राहते. इथे बंदूक आणू नका. धावत येणारा तिसरा माणूस, खिडकीतून गोळी, आईला झटका, यांतलं काहीही आणलंत तर उत्तर देण्याची जबाबदारी तुम्ही दोघांच्या खांद्यांवरून उचलली.

टप्पा 9: हाक

संवाद आता. इतका वेळ थांबलात तर ते पटकन उतरतात. माझा अनुभव असा की एक भाग चार-पाच दिवसांत होतो.

या गोष्टीत मराठीने दिलेली एक देणगी जपून वापरा. धाकटा थोरल्याला 'दादा' म्हणतो आणि 'अरे-तुरे' करतो: "दादा, तू जेवलास का?" मान आणि जवळीक एकाच वाक्यात. चौकशीच्या खोलीत, इतर अधिकारी बसलेले असताना, तो काय म्हणेल? "तुम्ही त्या तारखेला कुठे होता?" 'दादा' गेला, 'तू' गेला. एवढ्याने जे तुटतं ते दोन पानी संवादाने तुटत नाही. पण हे एकदाच करा. प्रत्येक भागात 'तू'चं 'तुम्ही' होऊ लागलं की त्याची धार जाते.

याचीच दुसरी बाजू: आपल्याकडे दादा, भाऊ, अण्णा, आप्पा हे घराबाहेर पुढाऱ्यांनाही चिकटतात. कार्यालयात थोरल्याला सगळे 'साहेब' म्हणतात. धाकट्याच्या हाती एक व्हॉइस नोट लागते आणि तिच्यात कंत्राटदार त्याला 'दादा' म्हणतो. घरातली हाक बाहेरच्या तोंडी. धाकट्याने तिथे काहीही बोलू नये.

इशारा: पोलिसाच्या तोंडी सतत हिंदी सिनेमातलं बोलणं नको. आपला निरीक्षक 'पंचनामा', 'जबाब', 'अकस्मात मृत्यू', 'स्टेशन डायरी' असं बोलतो आणि बरंचसं मराठीच बोलतो. गाव कोणतं आहे त्याप्रमाणे दोन्ही भावांची बोली एक असली पाहिजे. थोरला पुण्यात स्थिरावून पुस्तकी बोलू लागला असेल तर रागात त्याचं मूळ बोलणं परत येऊ द्या.

टप्पा 10: शेवट

शेवट ठरवताना 'कोण जिंकला' असं विचारू नका. जबाब कोणी दिला, कोणी मागे घेतला, आणि मजुराच्या घरी कोण गेलं, असं विचारा. 2009 चा तो माणूस गोष्टीत फक्त कारण म्हणून येऊन विसरला जातो, ही या प्रकारातली सर्वांत वाईट सवय आहे. त्याच्या बायकोचा एक प्रसंग ठेवा. तिला दोन्ही भावांपैकी कोणाचंही समर्थन ऐकायचं नाही. तिला तारीख आणि वेळ हवी आहे.

शेवटच्या दृश्यासाठी मी एवढंच सुचवेन: पुढच्या वर्षीचं श्राद्ध. पान कोणी ठेवलं ते दाखवा. बाकी बोलायची गरज पडणार नाही.

टप्पा 11: दाखवण्यापूर्वी

संहिता तीन जणांकडून मोठ्याने वाचून घ्या: एक पोलीस खात्यातून निवृत्त झालेला, एक तुमच्या कटाच्या क्षेत्रातला आणि एक असा कोणी ज्याचं सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे. तिसऱ्याकडे जाताना लाज वाटेल. पण 'हे असं होत नाही' हे तोच सांगू शकतो, आणि तो गप्प झाला की तिथे खूण करून ठेवा.

मग स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करा आणि नंतरच निर्मात्याला पाठवा. नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नसतं, लिहून काढलेल्या मांडणीला असतं. म्हणून एका पानाची कल्पना नोंदवून समाधान मानू नका. पहिल्या भागाची पूर्ण पटकथा, आठही भागांचा सविस्तर आराखडा आणि दोन्ही भावांच्या त्या पहिल्या दोन पानी आठवणी, हे सगळं एकत्र नोंदवा. पाठवताना आठवणींची पानं सगळ्यांत वर ठेवा.